गिरणी वर की खाली

मला वाद घालायची खोड आहे असं घरचे म्हणतात. मी हौस म्हणते. भांडण वेगळं आणि वाद वेगळा, भांडणात आवाज चढतो आणि वादात मुद्दा चढतो, हे मी नवऱ्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं होतं. तो म्हणाला, "तुझं दोन्ही बरोबरच चढतं." त्यावर आमचं जेवणं होईपर्यंत चाललं होतं, आणि ते भांडण नव्हतं असं माझं आजही म्हणणं आहे.

मी मोखाड्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. पावसाळा सरत आला की वादविवाद स्पर्धेचं पत्रक येतं आणि मुलं मधल्या सुट्टीत मला गराडा घालतात. "मॅडम, जिंकायची युक्ती सांगा." युक्त्या मी सांगते, त्यात हात आखडता घेत नाही. पहिलं वाक्य पाठ हवं, बाकीचं पाठ नको. घंटा वाजली की दचकायचं नाही. हात कुठे ठेवावेत ते कळत नसेल तर मागे बांधायचे, ओढणीशी खेळायचं नाही. जो परीक्षक मान हलवतो त्याच्याकडे बघून बोलायचं. जो हलवत नाही त्याचं बहुतेक जेवण जास्त झालेलं असतं. या सगळ्या युक्त्या चालतात. त्यांच्या जोरावर मिळवलेले करंडक माझ्या घरी आहेत, त्यातल्या एकात सासूबाई लसूण ठेवतात.

यंदा एका मुलीने निराळंच विचारलं. "मॅडम, तुम्ही कधी हरलात का?" मी म्हटलं, हरले की, आताच, गेल्या हिवाळ्यात, आमच्या बचत गटाच्या बैठकीत. वर्ग हसला. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. पुढचं सांगणार तोवर सुट्टी संपली आणि गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले. ते राहिलेलं इथे लिहिते.

आमचं गाव म्हणजे दोन पाडे. वरचा पाडा माळावर, खालचा ओहोळाच्या कडेला, रस्त्यापासून जवळ. दोहोंच्या मध्ये एक चढण आहे, दगडांची आणि वळणांची. माझा जन्म वरच्या पाड्यातला आणि लग्न खालच्या पाड्यात झालं, त्यामुळे माहेर आणि सासर यांच्यात फक्त ती चढण. याचा तोटा असा की रुसून माहेरी जायची सोय नाही. अर्ध्या चढणीवर दम लागतो आणि राग तिथेच उतरतो.

आणि आमच्याकडे बैठकीत बोलायची एक रीत आहे. समोरच्याला उत्तर द्यायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. उरकून टाकायचं नाही, त्याला पटेल असं सांगायचं. सांगून झालं की विचारायचं, "हेच का?" तो "हेच" म्हणाला की मग आपली बाजू मांडायची. तो "नाय" म्हणाला तर पुन्हा पहिल्यापासून. याला आमच्यात बोल परत देणं म्हणतात. ही रीत का पडली ते कोणाला नीट माहीत नाही. जुनी माणसं सांगतात की पूर्वी बाहेरून साहेब यायचे, त्यांची मराठी आमच्या लोकांना धड कळायची नाही, म्हणून जो तो आपल्याला काय कळलं ते आधी बोलून दाखवायचा. साहेब यायचे कमी झाले, रीत राहिली. शेताचा बांध असो, शेजारच्या कोंबड्यांनी खाल्लेलं भात असो की लग्नाची बोलणी असोत, बोल परत दिल्याशिवाय पुढे सरकू देत नाहीत. त्यामुळे आमच्या बैठका फार लांबतात. माणसं मध्येच उठून गुरांना पाणी दाखवून येतात आणि परत येऊन बघतात तर पहिलाच मुद्दा चाललेला असतो.

मला वाटायचं, जगात सगळीकडे असाच वाद घालतात. शिकायला जव्हारला वसतिगृहात राहिले आणि पहिल्याच स्पर्धेत माझा हा समज फार जाहीरपणे दूर झाला. विषय होता, घरून शिकण्यापेक्षा वसतिगृहात राहून शिकणं बरं. मी विषयाच्या बाजूने बोलणार होते. उभी राहिले, आदरणीय व्यासपीठाला नमस्कार केला आणि सवयीने समोरच्या मुलाचं म्हणणं सांगायला लागले. तो अजून बोललाही नव्हता, पण काय बोलणार ते मला ठाऊक होतं. घरी पहाटे चुलीचा धूर डोळ्यांत जातो आणि त्यानेच जाग येते. आई ओरडते, पण आपल्या बोलीत ओरडते. रात्री एका गोधडीवरून भावंडांत ओढाताण होते, पण पाय गरम राहतात. असं मी सांगत गेले आणि पुढच्या रांगेत बसलेल्या पाचवीच्या मुली रडायला लागल्या. आधी एक, मग तिच्याकडे बघून दुसरी, मग अख्खी रांग. अधीक्षिकाबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की आता खाली उतरू नये असं मला वाटायला लागलं. मी त्या मुलाकडे वळून विचारलं, "हेच का?" तो बिचारा गांगरून परीक्षकांकडे बघत म्हणाला, "हो." तेवढ्यात घंटा वाजली. माझी बाजू मांडायची तशीच राहिली.

त्या संध्याकाळी पाचवीतल्या दोघीजणी पत्र्याची पेटी घेऊन फाटकापाशी जाऊन बसल्या, आम्हाला घरी जायचंय म्हणून. अधीक्षिकाबाईंनी मलाच पाठवलं, तू लावलीस आग, तूच विझव म्हणून. वसतिगृह कसं बरं हे मी मग त्या दोघींना फाटकाशी बसून सांगितलं. त्या परत आत आल्या. भाषण तेच होतं, फक्त ते ऐकायला परीक्षक नव्हते.

आमच्या मराठीच्या सरांनी मात्र माझ्यात काहीतरी पाहिलं. त्यांनी मला ताब्यात घेतलं आणि पहिला हुकूम सोडला, समोरच्याची बाजू अजिबात सांगायची नाही. "त्याची बाजू मांडायला तो आला आहे ना? तू कशाला त्याची हमाली करतेस?" ते म्हणायचे, त्याचा सगळ्यात लंगडा मुद्दा हेरायचा आणि त्यालाच पळायला लावायचं, लोक हसतात, परीक्षक हसतात, काम फत्ते. मला हे फार आवडलं. पुढची काही वर्षं मी पुष्कळांचे लंगडे मुद्दे पळवले. विषयाच्या बाजूने बोलायचं की विरोधात, हे चिठ्ठी उचलल्यावर कळायचं आणि मला कुठलीही चिठ्ठी चालायची. एकदा सकाळी मोबाइल शाप आहे आणि दुपारी मोबाइल वरदान आहे असं सांगून दोन्हीकडे पहिली आले. सरांनी त्या दिवशी मला डेपोसमोर भजी खाऊ घातली होती.

तर अशी मी, करंडकवाली, खालच्या पाड्याची सून. आणि गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाला गिरणी मंजूर झाली. भात भरडायचं आणि नागली म्हणजे नाचणी दळायची, दोन्ही कामं करणारं यंत्र. आतापर्यंत दळणासाठी डोक्यावर गोणी घेऊन रस्त्याला यायचं, जीपची वाट बघायची आणि पुढच्या गावच्या गिरणीवर जायचं. जीपवाला आधी माणसं भरतो, मग कोंबड्या, मग जागा उरली तर गोणी. त्यामुळे गिरणी येणार म्हटल्यावर दोन्ही पाड्यांत बायकांच्या पायाला भिंगरी लागली. प्रश्न एकच उरला. यंत्र एक आणि पाडे दोन. गिरणी वर बसवायची की खाली?

ठाण्याला बांधकामावर राहून आलेली आमची एक शेजारीण आहे, ती कुठलाही तंटा हिंदीत मिटवायला बघते. ती म्हणाली, "बीच में रखो ना, टेन्शन खतम." पण चढणीच्या मध्यावर खडक आणि एक मोहाचं झाड, एवढंच आहे. तिथे ना घर, ना विजेचा खांब.

मग बैठक ठरली. खालच्या पाड्याने बोलायला एकमताने मला निवडलं. सासूबाईंनी तर आधीच सगळीकडे सांगून टाकलं होतं, "आमची सून बोलेल. ती बोलते तेव्हा टीव्हीवरच्या बाईसारखी बोलते." सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. चढण म्हटली की त्यांच्या छातीचा भाता चालू होतो. गिरणी वर गेली तर आपल्याला आता पिठाचं तोंड दिसणार नाही, असं त्या मला उठता-बसता ऐकवत होत्या.

आणि वर होती माझी आई. तिचा गुडघा गेलेला. जव्हारच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, चढलात तर चालेल, पण ओझं घेऊन उतरू नका. उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो म्हणे. भात झोडून झालं की भाऊ आणि वहिनी कामाला वसईकडे जातात, मग ती घरात एकटीच. दळण खाली आणता येईना, जात्यावर बसावं तर पाय मुडपत नाही. तिने नागलीची भाकरी खाणंच सोडून दिलं. रेशनच्या तांदळाचा भात खायची आणि सांगायची, आता मला नागली आवडत नाही. स्वतःच्या शेतातली नागली कणगीत भरून ठेवलेली आणि ही म्हणते आवडत नाही. मी मोखाड्याहून पीठ नेऊन दिलं तर म्हणाली बाजारचं पीठ कडू लागतं. मी तिची गोणी घेऊन जाते म्हटलं तर म्हणाली, तुझी एक सुट्टी, ती काय माझ्या पिठात घालवतेस? असा हट्ट. माझ्यात वाद घालायची खोड कुठून आली ते यावरून कळावं.

थोडक्यात, गिरणी वर बसली तरच माझी आई स्वतःच्या शेतातली नागली खाणार होती, आणि गिरणी खाली आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. एका बाजूला गुडघा, दुसऱ्या बाजूला दमा, आणि मध्ये मी. नवऱ्याला म्हटलं, मी नाही बोलत. तो म्हणाला, "मग आई विचारेल का नाही बोलत. तिला तू सांग." ते काही मला जमणार नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर मला बोलायची खुमखुमी होतीच. कुठलीही चिठ्ठी चालते अशी माझी ख्याती, मग हीच चिठ्ठी का नको?

बैठकीच्या आधी बाजाराच्या दिवशी आई मोखाड्यात भेटली. रिकाम्या हाताने, काठी टेकत, हळूहळू उतरून जीपने आली होती. सुक्या मासळीवालीशी तिची घासाघीस चालली होती. मला बघून ती उठली आणि बाजूला घेऊन म्हणाली, "तू बोलणार आहेस म्हंजे खालच्यांकडनं."

"हो."

"तुझा घसा बसला आहे."

"शाळेत ओरडून बसलाय, होईल बरा."

तिने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि सुंठीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "दाढेखाली धर. बसलेल्या घशानं बोललीस तर लोक म्हणतील आईकडं बघून आवाज गेला." एवढं म्हणून ती पुन्हा मासळीवालीकडे वळली. मी सुंठ चघळत उभी राहिले आणि मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली की मी मासळीवालीशी तिच्या बाजूने वाद घातला आणि भाव कमी करून दिला.

बैठक अंगणवाडीच्या ओट्यावर झाली. दुपारची वेळ, ऊन बरं वाटत होतं. गटाच्या अध्यक्ष म्हणजे आमच्याच पाड्यातली एक म्हातारी, सतत मिसरी लावणारी. तिच्या तोंडाला वरचे आणि खालचे सारखेच घाबरतात, म्हणून ती सगळ्यांना चालते. वरच्या पाड्यातून गावची आशाताई बोलणार होती, पण तिला ऐनवेळी जव्हारला प्रशिक्षणाला जावं लागलं. वरच्या बायका एकमेकींना ढोसत होत्या, तू बोल, तू बोल. शेवटी सगळ्यांनी मिळून माझ्या आईला पुढे ढकललं. आई जन्मात बैठकीत बोललेली नव्हती. घरात बोलायची, आणि इतकं बोलायची की बैठकीसाठी काही उरतच नसेल. ती ओट्याच्या कडेला पाय लांब करून बसली, कारण मुडपता येत नव्हता.

(इथे एक सांगून ठेवते. आमच्या बायका आपापल्या बोलीत बोलत होत्या. ती जशीच्या तशी लिहिली तर बाहेरच्यांना अडखळायला होईल, म्हणून मी ती मराठीकडे जरा झुकवून लिहिते आहे.)

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आधी खालचे. उठ, बाय."

मी तयारीत होते. माझे मुद्दे चोख होते. खाली घरं जास्त. रस्ता जवळ, यंत्र बिघडलं तर दुरुस्तीवाला दारात येणार. विजेचा दाब खाली बरा. सरांनी ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती. पण रीत होती, आधी वरच्यांचा बोल परत द्यायचा होता. तो दोन वाक्यांत उरकायचं मी ठरवून आले होते. म्हटलं, "वरच्या पाड्यातल्या बायकांचं म्हणणं असं की त्यांना खाली यायला लांब पडतं आणि ओझं होतं. हेच का?"

अध्यक्षबाईंनी वरच्यांकडे पाहिलं. माझी आई म्हणाली, "नाय."

बायका हसल्या. मी पुन्हा सुरुवात केली, जरा लांबवून. वरचा पाडा दूर आहे, वाट दगडांची आहे, म्हाताऱ्या बायकांना त्रास होतो. "हेच का?"

"नाय," आई म्हणाली. "गुडघ्याचं राहिलं."

आता सगळा ओटा हसत होता. आमच्या बाजूच्याही बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझा पारा चढला. मी इतक्या स्पर्धा जिंकलेली बाई, आणि ही मला शाळेतल्या पोरीसारखी पुन्हा पुन्हा म्हणायला लावतेय. बरं, म्हटलं, ऐकायचंय ना, ऐक मग.

आणि मी सांगितलं. चढताना छाती भरते, पण उतरताना गुडघ्यात सुरी फिरते, आणि डोक्यावर ओझं असलं की पाय कुठे पडतो ते खाली बघताही येत नाही. मोहाच्या झाडाच्या वळणावर तो निसरडा दगड आहे, तिथे बसून सरकत उतरावं लागतं, आणि डोक्यावर गोणी असेल तर सरकायचं कसं? घरात कोणी नाही. जात्याशी पाय लांब करून बसता येत नाही, हात तेवढा लांब पोचत नाही. कणगीत नागली आहे, शेत स्वतःचं आहे, बियाणं स्वतः राखलेलं आहे, आणि बाई रेशनचा भात खाते आणि जगाला सांगते की मला आवडतच नाही. आवडत नाही म्हणे. लहानपणी आम्ही भाकरीचा पापुद्रा काढून खाल्ला तर पाठीत धपाटा घालायची, पापुद्रा तिला लागायचा. ती म्हणते आवडत नाही, कारण आवडतं म्हटलं तर कोणाला तरी तिचं दळण वाहून न्यावं लागेल, आणि ते तिला नको आहे. असं मी भडाभडा बोलत गेले. माझा बसलेला घसा आणखी बसला. शेवटी मी ओरडून विचारलं, "हेच का?"

कोणी हसलं नाही. आई आपल्या लांब केलेल्या पायाकडे बघत होती. मग म्हणाली, "हेच."

त्यानंतर मी माझे मुद्दे मांडले. नेमून दिलेलं काम होतं, ते केलं. घरं, रस्ता, दुरुस्तीवाला, वीज. सगळं नीट सांगितलं, एकही मुद्दा गाळला नाही. पण मलाच ते कोणीतरी पत्रक वाचून दाखवतंय असं ऐकू येत होतं. ठाण्याची शेजारीण मागून पुटपुटली, "अपना आदमी, उधर का वकील." मी खाली बसले आणि सासूबाईंकडे न बघायचं ठरवलं.

मग आईची पाळी आली. ती उठली नाही, बसूनच बोलली. तिलाही आधी आमचा बोल परत द्यायचा होता. मला वाटलं, तिला सवय नाही, अडखळेल, मी मनातल्या मनात तिला शब्द पुरवायला लागले होते. पण ती बाजारात बोलते तसंच बोलायला लागली.

"खाली घरं जास्त, ते हिनं सांगितलं. दुसरं मी सांगते. माझ्या विहिणीला दम आहे. मागं लग्नाला वर आली तर मोहाखाली बसली ती बसलीच, वरात आली तरी ही नाय आली. ती दळायला कशी येणार? नाय येणार. मंग तिची सून येणार." आई माझ्याकडे न बघता माझ्याबद्दल बोलत होती, वरच्या बायकांना समजावल्यासारखी. "सून शाळेत जाते. सकाळी जीपला पळते. मला आमच्या खळ्यावरनं आखं दिसतं. ती घरनं निघते, ओहोळाशी चपला हातात घेते, पलीकडं जाऊन पाय झटकते आणि घालते. कधी घालायला पण थांबत नाय, तशीच पळते. जीप निघाली की मी आत जाते. सांजेला येते तेव्हा चाल वेगळी असते. पाय ओढत येते. तिला आठवड्याची एक सुट्टी. त्या दिवशी डोक्यावर गोणी घेऊन वर चढायचं, रांगेत बसायचं, पीठ घेऊन उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी परत पळायचं. मंग ती कपडे कधी धुणार आणि झोपणार कधी? तिचा घसा बघा कसा झालाय." मग तिने खालच्या बायकांकडे मान वळवली. "हेच का?"

खालच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या डोळ्यांसमोर ती खळ्यावर उभी असलेली दिसत होती, आणि रोज सकाळी आपण एकटेच धावतोय असं मी समजत होते.

उत्तर सासूबाईंनी दिलं. "हेच," त्या म्हणाल्या.

अध्यक्षबाई आईला म्हणाल्या, "आता तुझी बाजू सांग."

"माझी हिनं सांगितली की," आई म्हणाली. "मला तिच्यासारखं कठं बोलता येतं?" आणि तिने पदराने तोंड पुसलं, बोलणं संपलं म्हणून.

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, पुष्कळांना गुण दिले आहेत. इतक्या कमी शब्दांत असा घाव घातलेला मी पाहिला नाही. आणि तिला तो घातल्याचा पत्ता होता की नव्हता हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं तर म्हणते, खरं होतं ते बोलले.

आता वाद फारच विचित्र ठिकाणी आला होता. खालची बाजू वरच्यांनी मांडली होती, वरची बाजू खालच्यांनी. भांडायला कोणी शिल्लक नव्हतं. अध्यक्षबाईंनी मिसरीची डबी उघडली, मिटली. म्हणाल्या, "मी एवढ्या बैठका केल्या, अशी नाय बघितली. आता मी काय निवाडा करू? सांगा कोणीतरी."

सासूबाई भिंतीला हात लावून उठल्या. उभं राहताना त्यांची छाती वाजत होती.

"वर बसवा," त्या म्हणाल्या. "मी तशी पण जायची नाय दळायला, खाली असली तरी. मी भाकऱ्या करते, दळण सूनच बघते. मंग तिला जायचंच आहे तर तिकडं जाऊ दे. पण तिनं रांगेत बसायचं नाय. ती गोणी ठेवेल आणि आईच्या घरी जाऊन झोपेल. दळण तिची आई करेल." मग त्या आईकडे वळल्या. "कबूल आहे का, विहीणबाई?"

आई म्हणाली, "दळीन. गोणी पोचवायची तिनं."

"आणि आमचं पीठ जाडं नको," सासूबाई म्हणाल्या.

"तू खाऊन बघ आणि मंग बोल," आई म्हणाली. त्यावरून दोघींची पिठाच्या जाडीवर जुंपली ती अध्यक्षबाईंनी हात वर करायला सांगेपर्यंत चालू होती. वरच्या बायकांनी हात वर केले, खालच्या बऱ्याच जणींनी केले. ठाण्याच्या शेजारणीने दोन्ही हात वर केले आणि एक मोजायला लावला. मी हात वर करावा की नाही ते मला सुचेना. नेमलेली वकील मी, माझ्या बाजूविरुद्ध हात कसा वर करणार? सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि वर केलं.

अशी मी हरले. खालच्या पाड्यात अजून चिडवतात मला, काय मॅडम, आता कुठल्या पाड्याला बुडवणार म्हणून. मी म्हणते, तुमच्याच पाड्याला, पाळी आली की. नवरा म्हणतो, त्या दिवशी तुझा आवाज आणि मुद्दा दोन्ही बरोबरच चढले होते. त्याच्याशी मी यावर वाद घालत नाही.

बैठक उठली. बायका पांगल्या. आईला ओट्यावरून उतरायला हात दिला आणि चढणीच्या पायथ्यापर्यंत सोडायला गेले. काठी एका हातात, माझा खांदा दुसऱ्या हातात. मला विचारायचं होतं ते तिथे विचारलं.

"आये, तू खरंच रोज बघतेस? पावसात पण?"

"पावसात दिसत नाय," ती म्हणाली. "छत्री दिसते."

तिने चढणीच्या पहिल्या दगडावर पाय ठेवला, काठी रोवली, आणि मी खांदा देत राहिले तर तो बाजूला सारला.

"जा आता. चढायला मला लागत नाय कोणी." मग दोन दगड चढून थांबली आणि वळून म्हणाली, "रविवारी काही खळ्यावर उभी राहणार नाय मी. रविवारी तू माझ्याच घरात असणार."